वापरलेल्या ॲसिडचा खरा हिशेब

गॅल्व्हनायझिंगच्या पिकलिंग टँकमधलं ॲसिड गडद हिरवं झालं, गंज निघायला दुप्पट वेळ लागू लागला, की ते बदलावं लागतं. नव्या ॲसिडचं बिल डोळ्यांसमोर असतं; जुन्याचा खर्च मात्र चुना, गाळ, वाहतूक अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरतो. तो आधी एकत्र मांडा.

हजार लिटर धरू. लिटरमागे १०० ग्रॅम विरघळलेलं लोखंड, ४० ग्रॅम मोकळं हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते मारायला सुमारे १७५ किलो हायड्रेटेड लाइम लागतं. फिल्टर प्रेसमधून निघालेला ओला गाळ अर्ध्या टनाच्या पुढे जातो. शिवाय अडीचशे किलोंवर कॅल्शियम क्लोराइड पाण्यात तसंच राहतं. ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया संयंत्रात) ते खाली बसत नाही. यांना तुमच्या शेवटच्या बिलांतल्या दरांनी गुणा.

आता ॲसिड रिकव्हरीचं कोटेशन वाचा. डिफ्युजन डायलिसिसवाले ८०-९० टक्के म्हणतात, ते फक्त मोकळ्या ॲसिडचे. त्या १०० ग्रॅम लोखंडाने १३० ग्रॅम ॲसिड बांधून ठेवलेलं असतं. डायलिसिसचा पडदा ते सोडवत नाही. म्हणजे हजार लिटरमागे हाती येणार जेमतेम ३२ ते ३६ किलो शुद्ध ॲसिड, बाजारातल्या ३० टक्क्यांच्या भाषेत शंभर-सव्वाशे किलो. लोखंडाचं पाणी उरतंच, त्याची सोय वेगळी. बांधलेलं ॲसिड सोडवते ती रोस्टिंगची भट्टी: साधारण १८ टक्क्यांचं ॲसिड आणि विकता येणारं लाल आयर्न ऑक्साइड. पण तिचं इंधन मोठ्या पोलाद कारखान्यालाच परवडतं.

लहान कारखान्याने पहिला पैसा एका जादा टँकवर घालावा, असं माझं ठाम मत आहे. रिजेक्ट मालावरचं जस्त उतरवायचं ते त्याच टँकमध्ये, पिकलिंगमध्ये कधीच नाही. निव्वळ लोखंडाचं पाणी फेरिक क्लोराइड बनवणाऱ्याला कच्चा माल म्हणून चालतं, जस्ताचं जस्ताच्या क्षारांसाठी. दोन्ही मिसळली की घेणारा मिळणं कठीण आणि गाळाचं बिल तुमच्याच माथी.

टँकर ‘फुकट उचलतो’ म्हणाला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र मागा. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ॲसिड घातक कचरा आहे; साठवण साधारणपणे ९० दिवस, पाठवताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट. त्याने ते नाल्यात सोडलं, तर गावची विहीर नासेल आणि जबाबदारी तुमच्यावरही येईल.

कोटेशन मागवण्याआधी तीन वेळा, टँक बदलायच्या दिवशीच, नमुना लॅबला द्या: मोकळं ॲसिड, लोखंड, जस्त.