खुली विद्या

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या आरंभी आंब्याच्या रोपवाटिकांतून एक नाजूक काम चालते. आंब्याची कोय रुजते, तिला तांबूस पालवी फुटते, आणि रोप अवघे पंधरा दिवसांचे असतानाच कुशल माळी त्याचा शेंडा छाटतो. उरलेल्या कोवळ्या खोडास तो मधोमध चीर देतो. मग जातिवंत हापूस झाडाची तेवढ्याच जाडीची काडी घेऊन तिचे टोक पाचरीसारखे तासतो, ती त्या चिरेत बसवितो आणि सांधा पट्टीने घट्ट बांधतो. यास कोयकलम म्हणतात. हापूसची नुसती कोय लावली, तर येणारे झाड आईच्या गुणांचे निघेलच असा भरवसा नसतो; कलमाच्या फांद्यांस मात्र मूळ झाडाचेच गुण येतात.

ही पद्धत दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रयोग करून बसविली. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून निघालेली ‘रत्ना’ ही जातही याच विद्यापीठाने १९८१ साली प्रसारित केली. कोयकलमाची युक्ती विद्यापीठाने तिजोरीत ठेवली नाही. ती बागायतदारांस शिकविली. आज कोणीही ती शिकू शकतो, आपल्या अनुभवाने तीत भर घालू शकतो, आणि कलमे विकून आपला चरितार्थही चालवू शकतो. विद्या सर्वांची झाली, म्हणून कोणाचा धंदा बुडाला नाही.

याच्या उलट रीतही जगात आहे. एखादा वैद्य औषध विकतो, पण त्याची कृती कोणास सांगत नाही. ती कृती शोधण्यासाठी त्याने कष्ट केलेले असतात; त्या कष्टांचे मोल त्यास हवे असते. त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही. परंतु वैद्याच्या मागे ती कृतीही नाहीशी होण्याचा संभव असतो. विद्या खुली ठेवावी की राखून ठेवावी, हा प्रश्न असा जुनाच आहे. संगणकाच्या युगात तो नव्या रूपाने माणसापुढे उभा राहिला.

संगणक हे यंत्र स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही. त्याला क्रमाक्रमाने आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या समूहास आज्ञावली अथवा सॉफ्टवेअर म्हणतात. सर्व आज्ञावल्यांत एक मुख्य असते. कळफलकावर कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर काय उमटावे, कोणते लिखाण कोठे साठवावे, आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांपैकी कोणास किती अवकाश द्यावा, हे सारे ती पाहते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली असे नाव आहे. घरातील कर्त्या माणसाप्रमाणे तिच्यावाचून यंत्राचे पान हलत नाही.

ही प्रणाली आधी माणसाला वाचता येईल अशा संकेतभाषेत लिहिली जाते. या लिखाणास मूळ संहिता म्हणतात. मग तिचे रूपांतर यंत्रास कळणाऱ्या शून्य आणि एक यांच्या लांबच लांब रांगांत होते. त्या रांगा यंत्रास पुरेशा होतात. पण त्या पाहून मूळ विचार ओळखणे माणसास अतिशय कठीण जाते. जो केवळ रांगा विकतो आणि मूळ संहिता स्वतःजवळ ठेवतो, त्याचे सॉफ्टवेअर बंद अथवा मालकीचे होय. जो मूळ संहिताही देतो आणि ती वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक देतो, त्याचे सॉफ्टवेअर खुले होय.

मालकीच्या बाजूस एक सबळ कारण आहे. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन अमेरिकन तरुणांनी मायक्रोसॉफ्ट ही कंपनी काढली. त्यांनी लिहिलेली आज्ञावली पुष्कळ जणांनी पैसे न देताच उतरवून घेतली. तेव्हा १९७६ साली गेट्स यांनी एक जाहीर पत्र लिहिले. महिनोन्‌महिने खपून केलेल्या कामाचा मोबदलाच मिळाला नाही, तर असे काम करण्यास कोण पुढे येईल, असा त्या पत्राचा आशय होता. या प्रश्नात तथ्य होते. पुढे त्याच कंपनीची विंडोज ही प्रणाली १९८५ साली बाजारात आली आणि कालांतराने जगातील घरोघरच्या संगणकांवर पोहोचली. मालकीच्या उत्पन्नातूनच हे मोठे काम उभे राहिले.

दुसऱ्या बाजूची हकीकत एका छपाईयंत्रापासून सुरू होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या एका प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. यंत्र एका मजल्यावर आणि माणसे दुसऱ्या मजल्यावर, अशा स्थितीत कागद अडकल्याचे कोणास कळत नसे. स्टॉलमनने त्या यंत्राच्या आज्ञावलीत थोडी भर घातली. कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना उमटू लागली. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. ते अधिक वेगवान होते, पण त्यातही कागद अडके. हा दोष कसा हाताळावा हे स्टॉलमनला ठाऊक होते; मात्र या वेळी मूळ संहिता मिळाली नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातील विद्वानाजवळ ती होती. स्टॉलमन त्यांच्याकडे गेला. परंतु ती कोणास न देण्याचे वचन त्यांनी दिलेले होते. त्यांनी नकार दिला.

यंत्र समोर आहे, दोष दिसतो आहे, उपाय ठाऊक आहे, आणि तरी हात बांधलेले आहेत, ही अवस्था स्टॉलमनच्या मनास फार लागली. १९८३ साली त्याने ‘ग्नू’ नावाच्या खुल्या प्रणालीचा संकल्प जाहीर केला. आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालविण्याचे, तिचा अभ्यास करून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे, आणि सुधारलेल्या प्रतीही वाटण्याचे अशी चार स्वातंत्र्ये प्रत्येकास असावीत, हे या चळवळीचे सूत्र झाले. १९८९ साली त्याने या स्वातंत्र्यांच्या रक्षणासाठी एक परवाना लिहिला. त्यातील अट मोठी मार्मिक आहे. या आज्ञावलीत बदल करून जो ती दुसऱ्यास देईल, त्याने आपल्या बदलांची मूळ संहिताही त्याच स्वातंत्र्यांसह द्यावी. ज्याने कलमाची काडी घेतली, त्याने आपल्या झाडाची काडी मागणाऱ्यास नाही म्हणू नये, असाच हा न्याय झाला.

ग्नूची बरीच अंगे तयार झाली. पण यंत्राशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा गाभा अपुरा होता. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर असा गाभा लिहिण्यास आरंभ केला. त्याने तो सर्वांपुढे ठेवला आणि सूचना मागविल्या. पुढील वर्षी त्याने स्टॉलमनचाच परवाना स्वीकारला. मग देशोदेशीचे लोक त्यात भर घालू लागले. कोणी दोष काढला, कोणी नवी सोय केली, कोणी केवळ चूक दाखविली. या गाभ्यास लिनक्स म्हणतात. आज बहुसंख्य मोबाइल फोनांत असलेली अँड्रॉइड प्रणाली याच गाभ्यावर उभी आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. २०२१ साली मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरातही लिनक्सच होते.

आता हा प्रश्न मराठी मुलांच्या किती जवळचा आहे ते पाहावे. रत्नागिरीच्या मुलास पश्चिमेस दर्या दिसतो आणि पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द उच्चारात निराळे, अर्थात निराळे, आणि लेखनातही निराळे. दुसऱ्या शब्दातील अर्ध्या ‘र’ची ती आडवी खूण हिंदीच्या लेखनास लागत नाही, मराठीस मात्र तिच्यावाचून चालत नाही. तसेच महाराष्ट्र शासनाने २००९ साली निश्चित केलेल्या वर्णमालेत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे स्वीकारली आहेत. संगणकाच्या अक्षरसंचात, म्हणजे फाँटमध्ये, ही वळणे नसतील, तर मराठी लिहिणाऱ्याने काय करावे? संच बंद असेल, तर मालकाकडे अर्ज करून वाट पाहावी. दूरच्या मालकास त्या एका खुणेची निकड वाटेलच असे नाही. संच खुला असेल, तर जाणकार माणूस स्वतः ती खूण रेखून त्यात घालू शकतो, आणि ती सुधारणा सर्वांस देऊ शकतो.

या कामी पुण्याचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची ‘श्रीलिपी’ ही विकत मिळणारी आज्ञावली मराठी छापखान्यांत सुपरिचित झाली. त्याच कंपनीने तयार केलेले अक्षरसंच रेड हॅट या कंपनीने ‘लोहित’ या नावाने खुल्या परवान्याखाली सर्वांस दिले. २०११ साली त्यांस अक्षरसंचांसाठीच रचलेला खुला परवाना लाभला. एकाच कारखान्यात विक्रीची विद्या आणि खुली विद्या शेजारी शेजारी नांदू शकतात, हे यावरून दिसते. भारत सरकारच्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनेही लिनक्सच्या आधारे ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची कार्यप्रणाली सिद्ध केली आहे. २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या कामकाजात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांतील मुले तर पुष्कळ वर्षांपासून अशाच प्रणालीवर संगणक शिकत आहेत.

मालकीच्या प्रणालीत सोय असते, जबाबदार विक्रेता असतो, हे खरे. पण तिचे आयुष्य मालक ठरवितो. विंडोज दहा या आवृत्तीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविण्यात आली; आणि अनेक जुने संगणक पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट असूनही ते बदलावे की काय, हा प्रश्न थोड्या पैशांत चालणाऱ्या शाळेला लहान नाही. अशा जुन्या यंत्रांपैकी कित्येकांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती चालू शकते.

तथापि, खुले म्हणजे आपोआप निर्दोष, असे समजणे चुकीचे आहे. ‘ओपन एसएसएल’ ही खुली आज्ञावली जगभरच्या संकेतस्थळांवरील गुप्त मजकुराचे रक्षण करीत असे. २०१२ साली तीत एक गंभीर चूक शिरली, आणि ती २०१४ पर्यंत उघडकीस आली नाही. संहिता सर्वांपुढे होती. पण ती काळजीने वाचणारे फार थोडे होते. लाखो लोक तिच्यावर विसंबले. सांभाळणारे मात्र मूठभरच राहिले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालापासून चालत आले आहे. ते केवळ दार उघडे ठेवल्याने टिकले नाही. पुस्तके जपणारे, वर्गणी देणारे आणि मुख्य म्हणजे वाचणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या मिळाले, म्हणून ते टिकले.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. खुले म्हणजे फुकट नव्हे. रेड हॅटसारख्या कंपन्या खुल्या सॉफ्टवेअरची देखभाल करून मोबदला घेतात, आणि त्यात काही गैर नाही. उलट, मालकीच्या आज्ञावलीची चोरटी प्रत वापरणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ती दुसऱ्याच्या श्रमाची लूटच होय. ज्याला मालकाची अट मान्य नसेल, त्याच्यासाठी खुला मार्ग सन्मानाने मोकळा आहे.

तेव्हा दोन्ही रीतींचे गुणदोष पारखून जो तो आपली निवड करील. मात्र निवड करताना किंमत किती, एवढेच पाहून भागणार नाही. यंत्र बिघडले, तर ते उघडून पाहण्याचा अधिकार कोणाचा? आपल्या भाषेचे एखादे अक्षर त्यात नसेल, तर ते घालण्याची मुभा कोणास आहे? हेही विचारले पाहिजे. आणि तो अधिकार हाती आला, तर तो वापरण्याइतके ज्ञान मिळविण्याचे कष्टही केले पाहिजेत. दार उघडे असणे ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी आत पाऊल टाकणाऱ्याच्या हाती असते.

स्वाध्याय

१. कोयकलम कसे बांधतात, ते चार-पाच वाक्यांत सांगा.
२. छपाईयंत्राच्या प्रसंगात स्टॉलमनला कोणती अडचण आली? तिचा त्याच्यावर काय परिणाम झाला?
३. गेट्स यांच्या पत्रातील म्हणणे तुम्हांस पटते काय? कारणे द्या.
४. ‘खुले म्हणजे आपोआप निर्दोष नव्हे,’ हे पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
५. ‘दर्या – दऱ्या’ आणि ‘आचार्यांना – आचाऱ्यांना’ या जोड्यांतील प्रत्येक शब्द वाक्यात योजून अर्थभेद दाखवा.