पुडीचा भाव, किलोचा भाव



रोजमजुरी करणाऱ्या बाईला काटकसर शिकवायला जाऊ नये. ती आपल्याहून जास्त जाणते. शेगावच्या बाजारात गटातल्या आदिवासी महिलांसोबत मी फक्त हिशेब करते. समजा, 10 रुपयांच्या पुडीत 25 ग्रॅम चहा आहे. म्हणजे तो 400 रुपये किलो पडला! शेजारच्या मोठ्या पाकिटाचा भाव काढा आणि मग ठरवा. शाम्पूचे मात्र पुष्कळदा उलटे असते, पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून प्रत्येक वेळी वजन वाचावे.

एकदम किलोभर घ्यायला हाती पैसे नसतात, ही खरी अडचण. त्यावर आम्ही पाच जणींत एक किलो घेऊन घरच्या डब्यांत वाटतो. डाळ, मिरची सुटी, कापडी पिशवीत.

रिकाम्या पुडीत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. मग ती चुलीत जाते आणि तिचा विषारी धूर लेकरांच्या छातीत. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीतही कारखान्यात भरलेली पाकिटे वगळलेली आहेत.

योहान 6:12 वाचा. पाच हजार जेवून तृप्त झाले, तरी प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले. टोपल्या भरल्या बारा.

कोणाकडे घट्ट झाकणाचे रिकामे डबे असतील, तर या गटांसाठी जरूर द्यावेत. पावसाळ्यात वाटून घेतलेल्या मिठाला पाणी सुटते.