पाणी वर का चढलं?

मेणबत्तीचा प्रयोग माहीत नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात सापडणार नाही. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा ग्लास. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. पुढचं उत्तर सगळ्यांना पाठ : ज्वलनाने ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढलं. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये हे उत्तर इंग्रजीत होतं, रूममेटच्या गावच्या शाळेत मराठीत. दोन्ही भाषांत ते चुकीचं आहे. आणि नववीची मुलं एका दुपारी, कुणीही न सांगता, हे शोधून काढू शकतात. कसं, त्यासाठी हा लेख.

आधी थोडी माहिती. आपल्या एन.एस.एस.मधले आम्ही सहा जण गेलं वर्षभर जवळच्या गावातल्या हायस्कूलमध्ये आठवी-नववीसाठी विज्ञानाचा वर्ग घेतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दीड तास. ही शिकवणी नव्हे. धडे शाळेत होतातच, आम्ही फक्त प्रयोग करतो आणि तेही मुलांच्या हातून. सामान हॉस्टेलवर मिळेल ते. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या (मेसच्या काकांना विचारून, बरं का!), लाइट गेल्यावर लागणाऱ्या मेणबत्त्या आणि पाणी नीट दिसावं म्हणून शाईचे दोन थेंब.

आमचा नियम एकच. प्रयोगाच्या आधी प्रत्येकाने काय होईल ते वहीत लिहायचं, मग काडी ओढायची. त्या दिवशी प्रश्न असा होता की एका मेणबत्तीने पाणी अमुक इतकं चढलं, तर त्याच बरणीखाली तीन मेणबत्त्या ठेवल्यावर किती चढेल? बहुतेकांनी 'तेवढंच' लिहिलं. बरणी तीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. शिकवलेल्या उत्तरातून निघणारा हा अगदी बरोबर तर्क होता. प्रत्यक्षात पाणी बरंच जास्त चढलं. परत केलं, परत तेच.

तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "ताई, तीन मेणबत्त्या लावल्या की बरणीतला ऑक्सिजन वाढतो का?"

वर्ग हसला. पण त्या एका वाक्यात पाठ्यपुस्तकी उत्तराचा निकाल लागला होता. अशा वेळी आपल्याला फार मोह होतो, खडू उचलावा आणि चार्ल्सचा नियम लिहावा. तो टाळायचा. आम्ही उलट प्रश्न विचारला की पाणी नेमकं कधी चढतं? आता सगळे बशीभोवती गोळा झाले. मेणबत्ती जळत असेपर्यंत पाणी जेमतेम हलतं, आणि ज्योत विझल्यावर सरसर चढतं. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं तर जळता जळताच चढायला हवं होतं. एकाने सांगितलं की बरणी ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर आले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "बरणीला आतून घाम आलाय." कन्डेन्सेशनला मराठीत संघनन म्हणतात हे मी आदल्या रात्री मुद्दाम विचारून गेले होते. तो शब्द लागलाच नाही.

शेवटची चाचणी मुलांनीच सुचवली. आत मेणबत्ती ठेवायचीच नाही. बरणी गरम पाण्याने खळखळून रिकामी केली आणि लगेच बशीतल्या पाण्यात उपडी ठेवली. थोड्याच वेळात पाणी वर! आत ज्योत नाही, काही जळलेलं नाही. म्हणजे कारण उष्णतेचं. ज्योतीभोवतीची हवा तापून पसरते, थोडी बाहेर निसटते, आणि उरलेली निवली की आकसते. मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन मेणबत्त्या हवा जास्त तापवतात, एवढंच.

आपल्यासाठी थोडा हिशोब. मेणाचा एक रेणू २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजनचा धरा. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ व पाण्याचे २६ तयार होतात. वाफ सगळी निवून पाणी झाली तरी ३८ च्या जागी २५ रेणू वायू उरतोच, आणि तो इतक्या कमी वेळात फारसा विरघळत नाही. शिवाय ऑक्सिजन संपत नाहीच. २१ टक्क्यांवरून साधारण १६ वर आला की मेणबत्ती विझते. म्हणजे या मार्गाने घट होते दोन टक्क्यांहूनही कमी. उलट आतली हवा ८० अंशांवरून ३० वर आली असं समजा : ३५३ केल्विनचे ३०३, म्हणजे सुमारे १४ टक्के घट. कोण जिंकलं ते उघड आहे.

मग तो एक पंचमांश खोटा का? नाही. फक्त तो मेणबत्तीने दिसत नाही, गंजाने दिसतो. परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोखंडाचा कीस भुरभुरवायचा आणि नळी पाण्यात उपडी उभी करायची. गंज घन असतो, त्यामुळे घेतलेल्या ऑक्सिजनच्या जागी दुसरा वायू येत नाही, आणि उष्णतेचा घोळही नाही. पुढच्या शनिवारी पट्टी लावून मोजलं तर पाणी नळीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास होतं. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये जॉब घासून घासून आपण जो कीस झाडून टाकतो, तो इथे कामी आला. भांड्यांची चकचकीत स्टीलची घासणी मात्र चालत नाही, ती गंजायला तयार नसते.

खरी अडचण यानंतर आली. तीच मुलगी म्हणाली, "ताई, पण परीक्षेत काय लिहू?" तिच्या गाइडमध्ये जुनं उत्तर छापलेलं आहे आणि त्याला दोन मार्क आहेत. आमच्यापैकी कुणाला बोलता येईना. मागे बसलेल्या शाळेच्या बाई म्हणाल्या, "चाचणीचे पेपर मी तपासते. जे पाहिलंत ते लिहा, मार्क मी देईन. बोर्डाचं बोर्डाच्या वेळी बघू." मुलीचं समाधान झालं नाही. तिने विचारलं, "म्हणजे बोर्डात खोटं लिहायचं?"

हा प्रश्न जुना आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली आणि १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरलं. त्या लोकांनी ओळखलं होतं की प्रयोग नवे आणि परीक्षा जुनी असं चालणार नाही. म्हणून परीक्षेत पुस्तक उघडायची परवानगी होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्येच टेल्कोतून रजा घेऊन तिथे गेले, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची त्यांची खेळणी तिथलीच. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. मला वाटतं, त्यातला सगळ्यात धाडसी भाग खेळणी नव्हती, प्रश्नपत्रिका होती.

आणि मेणबत्तीला कमी लेखू नका. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली ती फक्त मेणबत्तीवर. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, शाळा नावापुरती. त्याच्या सहा व्याख्यानांपुढे आमचे दोन शनिवार म्हणजे काहीच नाही.

पुढच्या टर्मला आमच्यातले तिघे प्रोजेक्टमध्ये अडकणार आहेत, त्यामुळे नवी माणसं हवीत. मराठी कच्चं असलं तरी चालतं, मुलं शब्द पुरवतात. सबमिशनच्या आठवड्यात दांडी मारलीत तर मात्र ती फाटकाशी वाट बघत उभी राहतात. आणि ज्युनिअर्सनो, फिटिंग शॉपमधला कीस झाडून टाकू नका, डब्यात भरून ठेवा. आमचा संपत आलाय.