काढा आणि कसोटी

पावसाळ्यात घरातील कोणाला सर्दी झाली की चुलीवर काढ्याचे भांडे चढते. आले, तुळस, मिरे, गवती चहा आणि चवीपुरता गूळ. चौथ्या-पाचव्या दिवशी नाक मोकळे होते आणि श्रेय काढ्याला मिळते. परंतु साधी सर्दी काहीही न घेता बहुधा आठवडाभरात बरी होते. मग आराम पडला तो काढ्याने, की दिवस उलटल्याने? एका घरातील अनुभवावरून याचे उत्तर देता येत नाही.

ते मिळवण्याची रीत मात्र समजण्यास अवघड नाही. एकाच आजाराचे पुष्कळ रुग्ण घ्यावयाचे आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडावयाचे. एका गटास औषध द्यावयाचे. दुसऱ्यास तसेच दिसणारे, पण औषधी गुण नसलेले द्रव्य. कोणास काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसावे आणि तपासणाऱ्यालाही; कारण औषध घेतल्याच्या विश्वासानेच माणसाला अर्धे बरे वाटू लागते. एवढी काळजी घेऊनही दोन गटांत स्पष्ट फरक दिसला, तर तो गुण औषधाचा मानावा.

गुजरात व राजस्थानात पिकणारा इसबगोल या कसोटीस उतरला आहे. त्याच्या बियांवरील भुसा पाणी शोषून फुगतो, मळ मऊ होतो आणि बद्धकोष्ठतेचा त्रास कमी होतो. अट एकच, सोबत भरपूर पाणी प्यावे. अन्यथा तोच भुसा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

सर्पगंधेची कथा याहून मोठी आहे. या झुडपाची मुळी भारतीय वैद्य पिढ्यान् पिढ्या वापरत आले होते. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो, असे लिहिले; पण जगाने फारशी दखल घेतली नाही. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले आणि ते रक्तदाबावरील औषध म्हणून जगभर पोहोचले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण कथा येथेच थांबत नाही. औषध घेणाऱ्यांपैकी काहींना सुस्ती येई, नाक चोंदे, काहींचे मन खिन्न होई. मात्रा वाढली की त्रासही वाढे. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसरपीन मागे पडले. गुण नोंदवणाऱ्या वहीनेच दोषही उघड केले. ही वही घरगुती औषधांच्या बाबतीत सहसा ठेवलीच जात नाही.

हळदीविषयी एक घोटाळा वारंवार होतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे करून त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय अभिमानास्पदच होता. मात्र सिद्ध झाले ते इतकेच, की हे ज्ञान नवे नव्हते. हळदीने कोणती जखम किती लवकर भरते, हा प्रश्न त्या वादात नव्हताच. ‘जुने आहे’ आणि ‘गुणकारी आहे’ ही दोन वेगळी विधाने होत. हळदीतील कर्क्युमिन पोटात गेल्यावर रक्तात फारच थोडे उतरते, हेही विसरता कामा नये.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समज तर अधिकच महागात पडतो. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर गुळवेल घेतली जाऊ लागली. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईतील डॉक्टरांना आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची नेमकी ओळख पटवलेली नाही. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते. आक्षेप रास्त होता. पण बाजारातून वेल आणणाऱ्या माणसाने तिची ओळख कशी पटवावी? पुढे देशातील अनेक रुग्णालयांतून अशाच ४३ रुग्णांच्या नोंदी एकत्र झाल्या.

डॉक्टर विचारतात, “कोणती औषधे चालू आहेत?” रुग्ण गोळ्यांची नावे सांगतो. सकाळचा काढा त्याला आठवत नाही, कारण तो औषध आहे असे त्याला वाटतच नाही.

स्वाध्याय
१. रुग्णांचे दोन गट का पाडले जातात?
२. हळदीच्या एकस्वाच्या वादात काय सिद्ध झाले आणि काय नाही?
३. तुमच्या घरातील एका घरगुती औषधाची आठवडाभर नोंद ठेवा. त्या नोंदीवरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही, ते लिहा.