लिनक्सवाल्या शाळेने शाईचा प्रिंटर कोणता घ्यावा?

प्रश्न : पाथर्डी तालुक्यात आमची छोटी शाळा आहे. शाळेतले दोन जुने संगणक विंडोज 11 घेत नाहीत, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने त्यांवर लिनक्स मिंट बसवून दिले. काम छान चालले आहे. आता प्रिंटर घ्यायचा आहे. प्रश्नपत्रिका, दाखले, अधूनमधून रंगीत चित्रे, शिवाय मुलांची कागदपत्रे स्कॅन करायची. नगरला एका दुकानात विचारले, तर 'लिनक्सला प्रिंटर चालत नाही, विंडोज टाकून घ्या' असे सांगितले. खरे काय? आणि एका ओळखीच्यांकडे कॅननचा जुना एलबीपी 2900 पडून आहे, तो फुकट मिळतोय. घेऊ का?
– एक शिक्षक, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

उत्तर : गुरुजी, दुकानात जे सांगितले ते पंधरा-वीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरे होते, आज नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. धडधाकट पण जुन्या यंत्रांसाठी लिनक्स हा तेव्हापासून सगळ्यात शहाणपणाचा रस्ता आहे. तुमच्या विद्यार्थ्याने चांगले काम केले आहे. प्रिंटरपायी ते उलटवू नका.

ही समजूत मात्र उगीच रुजलेली नाही. प्रत्येक कंपनीचा प्रिंटर आपापली भाषा बोलायचा आणि ती भाषा समजणारा ड्रायव्हर कंपनी बहुतेक वेळा फक्त विंडोजसाठी लिहायची. मायकल स्वीट यांनी लिहिलेली 'कप्स' ही छपाईची व्यवस्था 1999 मध्ये लोकांपुढे आली. पुढे ॲपलनेही मॅकसाठी तीच घेतली आणि तुमच्या मिंटमध्येही पान छापण्याचे काम तीच करते. व्यवस्था भक्कम होती, पण नव्या मॉडेलची भाषा तिला कोणीतरी शिकवावी लागे. कंपनीने हात वर केले, तर एखादा स्वयंसेवक महिनोन्‌महिने बसून ती उलगडत असे.

चित्र पालटले ते फोनमुळे. आयफोनवरून थेट छापता यावे म्हणून ॲपलने 2010 मध्ये 'एअरप्रिंट' आणले. फोनमध्ये शेकडो मॉडेलांचे ड्रायव्हर ठेवणे शक्य नव्हते, म्हणून उलटे केले : सगळ्या प्रिंटरांनीच एक समान भाषा शिकायची. 2013 मध्ये 'प्रिंटर वर्किंग ग्रुप' या उद्योगसंस्थेने 'आयपीपी एव्हरीव्हेअर' नावाने याच धर्तीचे खुले मानक ठरवले. त्याच वर्षी कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी अँड्रॉइडच्या बाजूने 'मोप्रिया' ही संघटना काढली. आता संगणक प्रिंटरला विचारतो, तुझ्याकडे कोणते कागद आहेत, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापतोस का. आणि उत्तर मिळाले की ठरलेल्या नमुन्यात पान पाठवून देतो. मधे ड्रायव्हर नाही. लिनक्सला याचा जेवढा फायदा झाला तेवढा क्वचितच कोणाला झाला असेल.

म्हणून दुकानात 'लिनक्सला चालतो का' असे विचारू नका. 'याला एअरप्रिंट आहे का' असे विचारा आणि ते शब्द खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा. नुसते वाय-फाय असणे पुरेसे नाही. वाय-फाय असूनही फक्त कंपनीच्या ॲपमधूनच फोनवरून छापणारी मॉडेल बाजारात आहेत. बाटलीतून शाई भरायच्या स्वस्त टँक प्रिंटरांपैकी अनेक तर फक्त यूएसबीचे असतात. तेही लिनक्सवर चालू शकतात, पण मग गाडी पुन्हा ड्रायव्हरवर येते.

ड्रायव्हरच्या बाबतीत कंपन्या सारख्या नाहीत. एचपीचा 'एचपीलिप' हा संच बहुतांशी खुला आहे, बरीच वर्षे टिकून आहे आणि त्यात छपाईबरोबर स्कॅनही सांभाळले जाते. त्याची मेख एकच : दुकानात नुकत्याच आलेल्या मॉडेलला नवा एचपीलिप लागतो, आणि मिंटसोबत आलेली आवृत्ती त्याआधीची असू शकते. कोणत्या मॉडेलला कोणती आवृत्ती लागते याची यादी एचपी प्रसिद्ध करते. विद्यार्थ्याला ती आधी पाहायला सांगा. एप्सनच्या सध्याच्या बहुतेक इकोटँकना खुला ईएससी/पी-आर ड्रायव्हर चालतो आणि तो मिंटच्या सॉफ्टवेअर भांडारातच मिळतो. जुन्या एल मालिकेतल्या काही मॉडेलांना मात्र एप्सनच्या संकेतस्थळावरून वेगळा ड्रायव्हर आणावा लागतो. ब्रदर आणि कॅननही लिनक्ससाठी ड्रायव्हर देतात. ते चालतात, पण स्वतः उतरवून बसवायचे असतात, आणि मिंटची नवी आवृत्ती आली की पुन्हा पाहावे लागतात. शाळेत हे करायला माणूस कायम हाताशी नसतो, म्हणून मी त्यांना दुसऱ्या ओळीत ठेवतो.

तुमच्या गरजेला मी एचपीची स्मार्ट टँक मालिका आधी पाहीन, मग एप्सनचा वाय-फाय इकोटँक. दोन्हींत ज्या मॉडेलवर एअरप्रिंट लिहिले आहे तेच घ्या, हजार-दोन हजार जास्त पडले तरी. कंपोझिट ग्रँट वर्षातून एकदा येते. प्रिंटर चुकला तर त्याच्याशी पुढची कितीतरी वर्षे झगडावे लागते.

शाळेत इंटरनेट नसले तरी अडत नाही. एअरप्रिंटला नेट लागत नाही. संगणक आणि प्रिंटर एका जाळ्यात असले की झाले. साधा राउटर लावा. संगणकाला वाय-फाय नसेल तर तो राउटरला तारेने जोडा आणि प्रिंटर वाय-फायने. राउटरही नको असेल तर यूएसबी आहेच. ज्या प्रिंटरांना ही समान भाषा तारेवरूनही येते, त्यांच्यासाठी लिनक्समध्ये 'आयपीपी-यूएसबी' नावाची छोटी सोय आहे. ती अलेक्झांडर पेव्झनर यांनी लिहिली. क्वचित ती आणि एचपीलिप एकाच तारेवर हक्क सांगतात आणि प्रिंटर दिसेनासा होतो. तसे झाले तर दोहोंपैकी एक काढायचे.

आता शाईकडे येतो, कारण पाथर्डीत लिनक्सपेक्षा मला तिचीच जास्त काळजी वाटते. शाईच्या प्रिंटरचे डोके म्हणजे डोळ्यांना न दिसणारी शेकडो छिद्रे. काम संपले की ते डोके एका रबरी टोपीवर जाऊन बसते, म्हणजे छिद्रे उघडी राहत नाहीत. पण हे हमखास केव्हा? प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर. शाळा सुटताना मेन स्विच खाली ओढायची आपल्याकडे पद्धत आहे. छपाई चालू असताना तसे केले, किंवा लाइटच गेली, तर डोके वाटेतच उघडे राहते आणि चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत शाई छिद्रांत आळते. म्हणून आधी प्रिंटरचे बटण, मग मेन स्विच. लाइट गेली असेल तर परत आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करा.

मे महिन्याची सुट्टी हा त्याहून मोठा घात. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, पारा चाळिशी ओलांडतो, आणि प्रिंटर दीड महिना बंद खोलीत. जूनमध्ये दाखल्यांची घाई, आणि पानावर पांढऱ्या रेघा! सुट्टीत आठवड्याला एक रंगीत पान निघेल अशी सोय करा. शाळेच्या शेजारी राहणाऱ्या कोणाकडे तरी ते काम सोपवा. घरी न्यायचा झाला तर टँकचा प्रिंटर आडवा-तिरपा करू नका, शाई आत सांडते. आणि अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडच्या शिक्षकांनी हे वाचले तर त्यांच्यासाठी : तिकडे दुखणे उलटे आहे. पावसाळ्यात कागदच ओल धरतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. रिम उघडली की उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.

महिन्याला दहा-वीस पानेच निघत असतील तर मी शाईचा प्रिंटर सुचवला नसता, काळा-पांढरा लेसर घ्या म्हटले असते. तुमच्या प्रश्नपत्रिकांमुळे मात्र टँक परवडतो. एप्सनच्या 003 शाईची काळी बाटली 65 मिलिलिटरची असते आणि कंपनीच्या मोजणीने साधारण 4,500 पाने देते. दाखल्यांसाठी आणखी एक गोष्ट तपासा : काळी शाई पिगमेंटची आहे का. डाय प्रकारच्या शाईवर पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरते. दाखला पालकांच्या खिशातून, पावसातून, तहसीलपर्यंत जातो. तो टिकला पाहिजे. एचपीच्या स्मार्ट टँकमधली काळी शाई पिगमेंटची असते, माझा कल तिकडे असण्याचे हेही एक कारण.

डोके साफ करण्याची सोय प्रिंटरच्या बटणांतून किंवा छोट्या पडद्यावरून होते का, हेही विचारा. काही मॉडेलांत ती फक्त विंडोजच्या सॉफ्टवेअरमधून मिळते, आणि लिनक्सवाल्याची पंचाईत नेमकी रेघा उमटल्या की होते.

एलबीपी 2900 बद्दल. हा लेसर आहे, शाईचा नाही, आणि आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, कार्यालयांत त्याने वर्षानुवर्षे इमानाने काम केले आहे. अडचण त्याच्या भाषेची. तो कॅननच्या 'कॅप्ट' पद्धतीने चालतो. त्यात पान तयार करण्याचे बरेचसे काम संगणकावर पडते, त्यामुळे नेमका ड्रायव्हर नसेल तर प्रिंटर ढिम्म हलत नाही. कॅननने लिनक्ससाठी तो दिला होता, पण तो जुना आहे, 32-बिट भाग मागतो आणि आजच्या मिंटवर बसवणे चिकाटीचे काम आहे. तुमच्या विद्यार्थ्याला अशा कामाची हौस असेल तर जरूर घ्या, प्रश्नपत्रिका तो स्वस्तात काढेल. त्याच्या भरवशावर नवा प्रिंटर टाळू नका.

नवा प्रिंटर आला आणि जुनी प्रश्नपत्रिका उघडून छापली, की पानावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटण्याची शक्यता आहे. तेव्हा प्रिंटरला दोष देऊ नका. ती फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असणार, आणि तो फाँट मिंटवर नसणार. फाँट बसवा, नाहीतर मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. पुढचे सगळे युनिकोडमध्येच करा. देवनागरीसाठी लिनक्सवर 'लोहित' हा फाँट सहसा असतोच. तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनीच, आणि रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांना दिला. दाखल्याला अधिक सुबक अक्षर हवे असेल तर मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हा फाँटही मोफत आहे.

पैसे देण्याआधी त्या विद्यार्थ्याला मिंट असलेला लॅपटॉप घेऊन दुकानात बरोबर न्या. दुकानदार कुरकुर करील, पण ग्राहक पैसे घेऊन समोर उभा असला की सहसा नाही म्हणत नाही. एक पान आधीच तयार ठेवा : त्यात 'शेतकऱ्यांच्या', 'ज्ञानेश्वर', 'उत्तीर्ण', 'कृष्णा' असे शब्द बारीक अक्षरात, खाली एक रंगीत चित्र. ते छापा. मग एखादा डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफमधून छापा आणि त्यावरचा क्यूआर कोड फोनने वाचला जातो का पाहा. बारीक काम किती स्वच्छ होते ते त्यातच कळते. त्यानंतर मिंटमधला 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडून एक कागद 300 डीपीआयवर स्कॅन करा. हे विसरू नका, कारण छपाई सुरळीत चालणारी पण स्कॅनला अडणारी यंत्रे असतात, आणि घरी आल्यावर ती परत घेतली जात नाहीत. एअरप्रिंटवाल्या प्रिंटरांत स्कॅनसाठीही तशीच समान भाषा बहुतेक असते आणि मिंट ती आपणहून ओळखते.

तिन्ही जमले की बिल शाळेच्या नावाने करून घ्या. टँक प्रिंटरची हमी बहुधा 'अमुक काळ किंवा अमुक पाने, जे आधी होईल ते' अशी असते. पानांचा तो आकडा दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या.