संगणकाची अक्षरओळख

पाटीवर मुळाक्षरे गिरवणारे मूल हळूहळू स्वर कोणते, व्यंजने कोणती, काना-मात्रा कशाला म्हणतात हे ओळखू लागते. संगणकाला मात्र ही ओळख आपोआप होत नाही. त्याच्यापुढे असतात ते केवळ आकडे. कोणता आकडा अक्षर मानायचा, कोणता अंक आणि कोणता विरामचिन्ह, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने त्याला आधी शिकवावे लागते. मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या आज्ञावलीचा, म्हणजेच टेक्स्ट एडिटरचा, पाया या वर्गवारीवरच उभा असतो. ही वर्गवारी केवळ इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केली गेली, तर मराठी मजकुराची काय दशा होते, हे मराठीत कामकाज करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगे आहे.

आकड्यांची वर्गवारी

अमेरिकेत १९६३ साली प्रथम निश्चित झालेली 'आस्की' ही संकेतावली १२८ जागांची आहे. तिच्या आजच्या रूपात ४८ ते ५७ हे संकेतांक अंकांचे, ६५ ते ९० मोठ्या इंग्रजी अक्षरांचे आणि ९७ ते १२२ लहान अक्षरांचे आहेत. त्यामुळे 'हे अक्षर आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन तुलनांत मिळते. एडिटर शब्द कसा ओळखतो? अक्षरे व अंक सलग आले की तो शब्द. अन्य काही आले की शब्द संपला. इंग्रजीपुरता हा नियम बहुतांशी पुरेसा ठरतो.

देवनागरीची रचना निराळी आहे. भारतीय लिपींसाठीची 'इस्की' संकेतावली १९८८ साली सिद्ध झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. १९९१ सालीच प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड'मधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ ते २४३१ या संकेतांकांचा आहे. त्यात 'क'चा संकेतांक २३२५, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७, हलन्त चिन्हाचा २३८१ आणि शून्याचा २४०६ आहे. युनिकोड 'क'ला अक्षराच्या वर्गात घालते. वेलांटी, काना, अनुस्वार व हलन्त यांना मात्र जोडचिन्हांच्या वर्गात ठेवते. व्याकरणदृष्ट्या हे योग्यच आहे, कारण मात्रा व्यंजनाच्या आश्रयानेच उभी राहते.

अडचण पुढे येते. 'किनारा' हा शब्द संगणकात सहा संकेतांकांनी साठवला जातो: क, वेलांटी, न, काना, र, काना. आज्ञावलीने केवळ 'अक्षर' वर्गच शब्दाचा घटक मानला, तर प्रत्येक जोडचिन्हापाशी शब्द तुटतो आणि हाती उरतात क, न, र असे तीन तुकडे. मग शब्दांची मोजणी चुकते, शब्दाचा शोध फसतो, आणि एक शब्द निवडू जाता अर्धाच निवडला जातो. दोष लिपीचा नाही. वर्गवारीतील एक ओळ लिहावयाची राहिली, एवढाच तो आहे. जोडचिन्हांनाही शब्दाचे घटक मानले की शब्द पुन्हा अखंड होतो. अंकांचेही तसेच. जी आज्ञावली फक्त ४८ ते ५७ पाहते, तिला '२४' ही संख्याच वाटत नाही. वस्तुतः देवनागरी अंकाच्या संकेतांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते.

कळीचे नाव आणि कळीचे अक्षर

एडिटरला अक्षरांप्रमाणेच कळीही ओळखाव्या लागतात. जुन्या टर्मिनलवर कंट्रोल कळीचा अर्थ साध्या वजाबाकीने ठरत असे. 'ए'चा संकेतांक ६५. त्यातून ६४ वजा केले की १ उरतो, म्हणून कंट्रोल-ए म्हणजे १. याच हिशेबाने कंट्रोल-आय म्हणजे ९ आणि कंट्रोल-एम म्हणजे १३ होतात. हेच अनुक्रमे टॅब व रिटर्न या कळींचेही संकेतांक आहेत. नावे दोन, संकेतांक एक! अशा टर्मिनलवर हाताने नेमकी कोणती कळ दाबली, हे एडिटरला कळूच शकत नाही.

मराठी कळफलकावर हा हिशेब पुरता कोलमडतो. इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या 'इनस्क्रिप्ट' मांडणीत इंग्रजी 'जे'च्या जागी 'र' येतो. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेल्या 'व्हीआय' एडिटरमध्ये 'जे' ही खालच्या ओळीवर जाण्याची आज्ञा आहे. लेखकाने मराठी मांडणी चालू ठेवून तीच कळ दाबली, तर एडिटरपर्यंत २३५२ हा 'र'चा संकेतांक पोहोचतो आणि आज्ञा निष्फळ ठरते. कंट्रोलसह दाबल्यास २३५२ मधून ६४ वजा करून काहीच अर्थ निघत नाही.

यावर उपाय एकच. कळीची ओळख आणि तिने उमटणारे अक्षर या दोन गोष्टी आज्ञावलीत स्वतंत्र ठेवल्या पाहिजेत. आज्ञा ओळखताना कळीचे स्थान पाहावे, मजकूर लिहिताना अक्षर. मग लेखकाला प्रत्येक आज्ञेसाठी मांडणी बदलत बसावे लागणार नाही.

स्वतः पडताळून पाहा

कोणताही एडिटर मराठीस कितपत योग्य आहे, हे तीन सोप्या कसोट्यांनी पाहता येते. 'किनारा' लिहून त्यावर माउसने दोनदा टिचकी मारावी. संपूर्ण शब्द निवडला गेला पाहिजे. 'क्षि' लिहून बाणाच्या कळीने त्यावरून पुढे जावे. चार संकेतांकांचे हे जोडाक्षर एकाच टप्प्यात ओलांडले गेले पाहिजे. शेवटी मराठी मांडणी चालू ठेवूनच मजकूर जतन करण्याची आज्ञा द्यावी. ती पाळली गेली पाहिजे.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात हक्काचे स्थान दिले. संगणकातील तिचे स्थान मात्र अशा लहानसहान कोष्टकांतून ठरते. ती कोष्टके मराठी जाणणाऱ्या तरुण हातांनी लिहिली व तपासली जावीत, यातच भाषेचे हित आहे.