समदर्शन आणि कान तुटलेला कप



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८

थोडक्यात अर्थ : विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचं मांस शिजवून खाणारा, म्हणजे त्या काळच्या समाजानं ज्याला सगळ्यांत खाली ठेवलं तो माणूस, या सगळ्यांत ज्ञानी एकच तत्त्व पाहतो. अशा माणसाला भगवंत ‘समदर्शी’ म्हणतात.

हा श्लोक मला पाठ होता. अर्थही पाठ होता. मागच्या शनिवारी कळलं की फक्त पाठच होता.

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण आमच्या घरी गीता वाचायला बसतो. त्या दिवशी पाचवा अध्याय होता आणि निरूपणाची पाळी माझी होती. सोन्याचे दागिने वेगळे, सोनं एकच. घडे वेगळे, माती एकच. सगळे दृष्टान्त अगदी रंगात येऊन सांगितले. मधे मावशी चहाचा ट्रे ठेवून गेल्या. मावशी आमच्याकडे बारा वर्षं कामाला येतात.

आमच्यातली सगळ्यांत लहान मैत्रीण पाणी प्यायला आत गेली. तिनं किचनच्या खिडकीत ठेवलेला एक कप उचलला. कान तुटलेला, जुना. बाहेर आम्हाला मावशींचा आवाज ऐकू आला, “तो नको ताई, तो माझा आहे.”

मैत्रीण बाहेर आली, जागेवर बसली. काही बोलली नाही. मी पुढचा श्लोक सुरू केला, पण माझं लक्ष उडालं होतं.

रात्री आईशी बोलले. ती म्हणाली, “अगं, आपण त्यांना कधी कमी लेखलंय का? दिवाळीला साडी देतो, दुखलं-खुपलं तर डॉक्टरकडे नेतो. कप काय, सवयीनं राहिलाय.” आई खोटं बोलत नव्हती. पण बारा वर्षांत ती ‘सवय’ माझ्या डोळ्यांना एकदाही खुपली नाही, हे मला झोपू देईना.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. स्वतःसाठी पळवाट शोधली. आणि या श्लोकावर एक तयार पळवाट आहेच! लोक म्हणतात, भगवंतांनी ‘समदर्शी’ म्हटलंय, ‘समवर्ती’ नाही. म्हणजे पाहायचं सारखं, वागायचं वेगळं. शिवाय अद्वैत पारमार्थिक पातळीवरचं, व्यवहारात भेद राहणारच.

यात अर्धं खरं आहे. हत्तीला आणि कुत्र्याला एकाच ताटात, एकाच मापानं वाढता येत नाही. हत्तीला ढीगभर चारा लागेल, कुत्र्याला भाकरी पुरेल. आजीला मऊ भात आणि भाच्याला कुरकुरीत डोसा, यात कुणाचा अपमान नाही. हा भेद समोरच्याच्या गरजेतून येतो.

पण तो कप कुणाच्या गरजेतून आला होता? मावशींना कान नसलेला कप हवा होता का? नाही. तो भेद आमच्या गरजेतून आला होता. आम्ही कोण आणि त्या कोण, ही रेघ रोज मारून घ्यायची गरज.

ज्ञानेश्वर माउली नेमकं इथेच बोट ठेवतात. ज्ञानेश्वरीच्या पाचव्या अध्यायात, याच श्लोकावर बोलताना ते डास आणि हत्ती इथपासून सुरुवात करतात आणि थेट आपल्या घरात येतात : हा माझा मुलगा आणि तो परका, हा फरक तरी ज्ञानी माणसाला कुठून उरणार? मग कारण सांगतात. अहंभाव शिल्लक असेल तरच भेद दिसतो. म्हणजे ‘मला व्यवहारात भेद पाळावा लागतो’ असं म्हणताना मी व्यवहाराबद्दल कमी आणि माझ्या अहंकाराबद्दल जास्त सांगत असते.

आदि शंकराचार्यांची काशीतली कथा तुम्हाला माहीत असेल. वाटेत समोर चांडाळ आला, त्याला ‘बाजूला हो’ म्हटलं गेलं. त्यानं विचारलं, कुणाला बाजूला करताय? या देहाला, की आतल्या चैतन्याला? देह तर दोघांचाही अन्नाचाच. सूर्याचं प्रतिबिंब गंगेत पडलं काय आणि डबक्यात पडलं काय, सूर्य बाटतो का? परंपरा सांगते की आचार्यांनी तिथेच हात जोडले आणि ‘मनीषापंचक’ रचलं : ज्याला हे कळलं तो कुणीही असो, तो माझा गुरू. अद्वैताच्या एवढ्या मोठ्या आचार्यांबद्दलही परंपरेनं ही कथा लपवली नाही, उलट जपली. मला याचा फार आधार वाटला. सिद्धान्त माहीत असणं आणि तो रस्त्यावर आठवणं यात अंतर असतं, हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे.

रविवारी मी जोशात मावशींना आमच्या सेटमधल्या नव्या कपात चहा दिला. त्या अवघडल्या. “राहू दे ताई, मला माझाच बरा.” मी आग्रह केला, तेव्हा त्यांनी उभ्या उभ्याच दोन घोटांत संपवला आणि कप लगेच विसळून ठेवला.

तेव्हा दुसरी गोष्ट कळली. मी कप बदलला होता तो माझं मन हलकं व्हावं म्हणून. त्यातही केंद्रस्थानी मीच!

आता खिडकीतला कप इतर कपांसोबत स्टँडमध्ये असतो. ज्याच्या हाताला येईल त्यानं घ्यायचा. परवा तो माझ्या वाट्याला आला. चटका बसतो, कान नसल्यानं. बारा वर्षं हा चटका कुणाच्या बोटांना बसत होता, हे मला त्या दिवशी कळलं. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की दुसऱ्याचं सुखदुःख आपल्यावरून ओळखावं. तो श्लोक मला आता त्या चटक्याशिवाय आठवत नाही. मावशी अजून आमच्यासोबत टेबलावर बसत नाहीत. मी आग्रह करत नाही. माझा चहा घेऊन मीच ओट्यापाशी जाते.

आपल्या सत्संगाकडेही एकदा असंच बघूया. सतरंजी रोज कोण घालतं? भांडी कोण घासतं? नवीन आलेला, नीट उच्चार न येणारा मुलगा नेहमी दाराजवळच का बसतो?

आजचा अभ्यास : तुमच्या घरात, ऑफिसात किंवा सत्संगात जिथे दोन माणसांना वेगळं वागवलं जातं अशी एक जागा शोधा. स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा भेद त्यांच्या गरजेचा, की माझ्या अहंकाराचा? उत्तर दुसरं आलं, तर लगेच मोठं काही करू नका. आधी तो कप स्वतःच्या हातात धरून बघा.

राम कृष्ण हरी!